आभाळ उघडं असेल तेव्हा

देगलूरला पदार्थविज्ञान शिकवत होतो तेव्हा शेवटची काही वर्षं मी एक प्रयोग न चुकता दाखवायचो. बाजारात मिळतो तो लाल लेसर पॉइंटर, सोलर कंदिलातून काढलेली तळहाताएवढी प्लेट आणि आत अँप्लिफायर असलेला एक जुना स्पीकर. मोबाइलच्या आवाजाची वायर एका छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून पॉइंटरच्या बॅटरीच्या वाटेत जोडायची. गाण्याच्या चढउताराबरोबर लेसरचा उजेड किंचित कमीजास्त होतो, पण डोळ्याला तो फरक कळत नाही. वर्गाच्या एका टोकाला लेसर, दुसऱ्या टोकाला प्लेट, प्लेटला स्पीकर. लाल ठिपका प्लेटवर नेमका पडला की स्पीकर गाऊ लागतो. मग पहिल्या बाकावरच्या पोराला सांगायचं, मधे हात धर. गाणं बंद. हात काढला की गाणं सुरू. खिडक्या लावून उदबत्ती पेटवली की धुरात ती लाल दोरी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली दिसायची आणि सगळा वर्ग गप्प व्हायचा.

एका वर्षी एका मुलीने विचारलं, "सर, हेच वर उपग्रहाला लावलं तर?" तिच्या शेजारणीने लगेच पुढचा प्रश्न केला, "आणि मधे ढग आला तर?"

पुढच्या पानांचा सगळा विषय या दोन प्रश्नांत आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर जगाने गेल्या तीस वर्षांत दिलं आणि ते थक्क करणारं आहे. दुसऱ्याचं उत्तर अजून पूर्ण सापडलेलं नाही. आपल्यासारख्या, पावसाची वाट पाहत जगणाऱ्या मुलखाला तो दुसरा प्रश्न जास्त जवळचा आहे, म्हणून या प्रस्तावनेत मी त्याच्यापाशी जास्त थांबणार आहे.

आधी मूळ कल्पना. आज आपल्या घरात नेट येतं ते दोन वाटांनी. एक रेडिओ लहरींची: टॉवर, वायफाय, टीव्हीची छत्री. दुसरी काचेच्या तंतूतून धावणाऱ्या प्रकाशाची, म्हणजे फायबरची. फायबरमधून जो प्रकाश जातो तो बहुतेक वेळा डोळ्यांना न दिसणारा, साधारण १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त लेसर असतो. लेसर संदेशवहन म्हणजे तोच प्रकाश काचेबाहेर काढून मोकळ्या आभाळातून सोडायचा. प्रकाशाची कंप्रता रेडिओच्या हजारो पट असते, म्हणून एका किरणावर लादता येणारा मजकूरही तितकाच प्रचंड. शिवाय निर्वातात प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो, काचेत जेमतेम दोन लाख. एका खंडातून दुसऱ्या खंडात निरोप पोचवायचा असेल तर समुद्रतळाच्या केबलपेक्षा उपग्रहांच्या माळेतून गेलेला किरण लवकर पोचू शकतो तो यामुळे.

किरण बारीक असण्याचा अर्थ सीमाभागातल्या माणसाला पटकन कळतो. रोमिंगचे पैसे लागत तेव्हा आमच्या सीमेवरच्या गावांत मोबाइल आपसूक आंध्रचा टॉवर पकडायचा आणि लोक घरात बसून परराज्याचं बिल भरायचे. रेडिओची लहर पसरते, तिला हद्द कळत नाही. लेसरचं तसं नाही. साध्या पॉइंटरचा किरण दर किलोमीटरला अंदाजे एक मीटर रुंदावतो; इथून नांदेड ऐंशी किलोमीटर धरलं तर तिथे त्याचा ठिपका ऐंशी मीटरचा होईल. उपग्रहांवरची यंत्रं याच्या पन्नास-शंभर पट बारीक किरण सोडतात. साडेपाचशे किलोमीटर वरून येणारा किरण जमिनीवर एखाद्या अंगणाएवढ्याच जागेत उतरू शकतो. सगळी ताकद त्या अंगणात पडते. वाटेत कुणाला ते चोरून ऐकणं अवघड जातं, शेजारच्याला त्रास होत नाही आणि रेडिओच्या पट्ट्यांसाठी देशादेशांत, कंपन्या-कंपन्यांत जी ओढाताण चालते ती इथे लागत नाही.

पण बारीक किरणाला नेम लागतो. आमच्याकडे जोंधळा हुरड्यात आला की राखणीला माळ्यावर उभं राहून गोफण फिरवतात. उडत्या थव्यावर धोंडा सोडायचा असेल तर पाखरू आत्ता जिथे आहे तिथे नेम धरून चालत नाही, ते जिथे पोचणार तिथे धरावा लागतो. साडेपाचशे किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने धावतो. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला आणि आपला त्याच्यापर्यंत जायला मिळून चार हजारांश सेकंदसुद्धा लागत नाहीत, तरी तेवढ्यात तो अठ्ठावीस मीटर पुढे सरकलेला असतो. किरण त्याच्या अंगणाएवढा, आणि तो अंगण ओलांडून गेलेला! म्हणून जमिनीवरची दुर्बीण त्याला जिथे पाहते त्याच्या किंचित पुढे किरण सोडते. हे सगळं तो माथ्यावरून जाताना मिळणाऱ्या काही मिनिटांत, एकदाही न चुकता. ज्यांनी हे साधलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

दुसरी अडचण हवेची. एप्रिलच्या दुपारी डांबरी रस्त्यावर समोरची एसटी थरथरताना दिसते. रात्री तारे लुकलुकतात. दोन्हींचं कारण एकच, कमीजास्त तापलेल्या हवेच्या थरांतून प्रकाश सरळ येत नाही. किरणाचंही तेच होतं. त्यावर खगोलशास्त्रज्ञांनी तोडगा काढला आहे: हवेने प्रकाश किती वेडावाकडा केला हे क्षणाक्षणाला मोजायचं आणि एका लवचीक आरशाचा पृष्ठभाग सेकंदात शेकडो वेळा उलट्या बाजूने वाकवून तो सरळ करायचा. आज मोठ्या लेसर केंद्रांवर असे आरसे असतात.

प्रकाशाने निरोप धाडणं जुनंच आहे, आणि त्या इतिहासातला एक दुवा आपल्या जुन्या मुंबई इलाख्याचा आहे. कराची तेव्हा या इलाख्यात होती. तिथे तार खात्यात काम करणाऱ्या हेन्री मान्स याने १८६९ मध्ये हेलिओग्राफ तयार केला. आरशावर सूर्याचा उजेड घ्यायचा, आरसा किंचित हलवून तो लांब-आखूड झळकवायचा आणि एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर मोर्सच्या लिपीत संदेश द्यायचा. पुढे १८८० मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेलने चार्ल्स टेंटरबरोबर सूर्यकिरणावर थेट माणसाचा आवाज चढवला आणि तो दोनशेहून अधिक मीटर अंतरावर ऐकला. टेलिफोनपेक्षा बेलला याचंच जास्त कौतुक होतं. दोघांनाही एकाच गोष्टीने अडवलं: आभाळ भरून आलं की यंत्र मुकं.

लेसर आला १९६० मध्ये. त्यानंतर तीन-चार वर्षांतच कार्बन डायऑक्साइड लेसर बनवणारे चंद्रकुमार पटेल बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले. त्यांचा लेसर पुढे मुख्यतः कारखान्यांत पत्रा कापायला आणि दवाखान्यांत शस्त्रक्रियेला वापरला गेला. उपग्रहांच्या कामी वेगळ्या जातीचे लेसर आले. तरी लेसर या शब्दाशी आपलं नातं केवळ ग्राहकाचं नाही, हे इथल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावं असं मला वाटतं.

जमीन आणि उपग्रह यांच्यात लेसरने पहिल्यांदा संवाद साधला तो जपानने, १९९४-९५ मध्ये. त्यांचा उपग्रह ठरलेल्या कक्षेत पोचलाच नव्हता, तरी शास्त्रज्ञांनी त्याच्याशी किरण जुळवला. २०१३ मध्ये अमेरिकेच्या नासाने चंद्राभोवती फिरणाऱ्या यानातून सेकंदाला ६२२ मेगाबिट वेगाने माहिती उतरवली. २०२३ मध्ये टिश्यूच्या खोक्याएवढ्या एका यंत्राने सेकंदाला २०० गिगाबिटचा वेग गाठला. पाचेक मिनिटांच्या एका फेरीत ४.८ टेराबाइट माहिती खाली आली. त्याच वर्षी डिसेंबरात सायकी या यानाने तीन कोटी दहा लाख किलोमीटरवरून एका मांजराची चित्रफीत पाठवली, आणि ती पालोमारच्या जुन्या पाच मीटरच्या दुर्बिणीने पकडली. पुढच्या वर्षाअखेर हेच यान जवळजवळ पन्नास कोटी किलोमीटरवरून बोललं.

भारतही यात मागे बसलेला नाही. १४ नोव्हेंबर २०१८ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या जीसॅट-२९ उपग्रहावर इस्रोने प्रकाशीय संदेशवहनाचं उपकरण बसवलं होतं. मार्च २०२१ मध्ये अहमदाबादला तीनशे मीटर मोकळ्या हवेतून क्वांटम पद्धतीची गुप्त किल्ली प्रकाशकणांवरून पाठवून दाखवली गेली. बंगळूरुत तरुणांच्या कंपन्या उपग्रहांसाठी लेसर यंत्रं बनवताहेत. ही पावलं लहान आहेत, पण चालणारी माणसं आपली आहेत.

आता एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो फार पसरला आहे. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये उपग्रहांवरून नेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीबरोबर इरादापत्रावर सही केली. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव या जिल्ह्यांची नावं त्यात होती. तेव्हापासून चहाच्या टपरीवर मी ऐकतोय, "आता वरून लेसरने नेट येणार." तसं नाही. त्या उपग्रहांत लेसर आहेत खरे, प्रत्येकावर तीन-तीन, पण ते उपग्रहा-उपग्रहांतल्या बोलण्यासाठी. वर हवा नाही, ढग नाही, धूळ नाही. तिथे किरण बिनघोर धावतो. घरावरच्या छत्रीपर्यंत जे उतरतं ते रेडिओच. ही गोष्ट मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण पुढे कुणी गावात येऊन "लेसरचं कनेक्शन" विकू लागला तर त्याला काय विचारायचं हे लोकांना कळलं पाहिजे.

रेडिओच का उतरतं, याचं उत्तर पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात जाऊन डोळ्यांनी पाहता येतं. नारायणगावजवळ आर्वी आहे. परदेशांशी उपग्रहाद्वारे बोलण्यासाठी भारताने उभारलेलं पहिलं भू-केंद्र तिथलं, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचं. विक्रम साराभाईंचं नाव त्याला दिलं आहे. जवळजवळ तीस मीटर व्यासाची ती अजस्र तबकडी रेडिओवर चालायची, आणि सह्याद्रीच्या पावसातही चालायची. तिथून फार दूर नाही ती आयुका या खगोलसंस्थेची गिरवली वेधशाळा. तिथली दोन मीटरची दुर्बीण प्रकाशावर चालते, आणि पावसाळ्याचे महिने ती झाकून ठेवावी लागते. लेसरचं जमिनीवरचं केंद्र म्हणजे अखेर दुर्बीणच. आर्वीची तबकडी आणि गिरवलीची दुर्बीण यांच्यातला जो फरक तोच रेडिओ आणि लेसरमधला. पाऊस फार कोसळला की घरची टीव्हीची छत्रीही पाच-दहा मिनिटं "सिग्नल नाही" म्हणते, पण नुसत्या ढगाने तिचं काही बिघडत नाही. लेसरला मात्र दाट ढग म्हणजे भिंत.

अमेरिकेने यावर उपाय केला तो जागा निवडून. त्यांची केंद्रं कॅलिफोर्नियाच्या कोरड्या डोंगरावर आणि हवाई बेटसमूहातल्या हालेआकाला शिखरावर आहेत. एका ठिकाणी ढग आले तर दुसऱ्या ठिकाणी उतरायचं. गणित सोपं आहे: चार जागी आभाळ स्वच्छ असण्याची शक्यता निम्मी-निम्मी धरली, आणि एकीचा दुसरीशी संबंध नसेल, तर चारपैकी एक तरी उघडी सापडण्याची शक्यता चौऱ्याण्णव टक्क्यांवर जाते. आपली गोची "संबंध नसेल" या दोन शब्दांत आहे. मोसमी पाऊस आला की केरळपासून हिमाचलपर्यंत आभाळ एकाच वेळी भरतं. म्हणून भारतात ही केंद्रं कुठे असावीत याचा अभ्यास इथल्याच ढगांवर व्हायला हवा. लडाखमधलं हानले, साडेचार हजार मीटर उंचीवरचं, पावसाच्या छायेतलं, जिथे आपली मोठी वेधशाळा आहे, ते एक नाव कुणालाही सुचेल. तमिळनाडूत मुख्य पाऊस ऑक्टोबरपासून पडतो, तोही विचार करावा लागेल. आणि मराठवाडा? आठ महिने आमचं आभाळ मोकळं असतं. त्या मोकळ्या आभाळाने आम्हाला टँकर दाखवले, छावण्या दाखवल्या. त्याच आभाळाचा एखाद्या केंद्राला उपयोग व्हावा, ही शक्यता तपासून पाहण्याजोगी आहे. उरलेल्या चार महिन्यांसाठी ते केंद्र हानलेसारख्या जागेशी फायबरने बांधलेलं असावं लागेल, एवढी अट त्याला आहे.

म्हणजे किरण हानलेला उतरो की आमच्या बालाघाटाच्या डोंगरमाथ्यावर, तिथून देगलूरच्या घरापर्यंत तो आणायचा तर शेवटची वाट जमिनीवरचीच. ती वाट आज कशी आहे हे मी रोज पाहतो. पीकविम्याची शेवटची तारीख असते. सेतू केंद्रासमोर पहाटेपासून रांग. आत पोरगं कीबोर्डवर बोटं ठेवून बसलेलं, पडद्यावर गोल फिरतंय. बाहेर कुणीतरी सांगतं, रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली. ई-पीक पाहणीसाठी शेतात फोटो काढायचा तर रेंज नाही, आणि रेंज असलेल्या टेकाडावर गेलं तर पीक दिसत नाही. म्हातारी माणसं उन्हात टेकाड चढताना मी पाहिली आहेत. उपग्रहाचा किरण सेकंदाला २०० गिगाबिट आणो, शेवटच्या दोन किलोमीटरवर तो अडला तर त्या म्हातारीला त्याचा काय उपयोग?

जमिनीवरच्या या वाटेतही लेसर कामाला येतो, हे फार कुणी सांगत नाही. काँगो नदीच्या दोन काठांवर ब्राझाव्हिल आणि किन्शासा ही दोन राजधान्यांची शहरं समोरासमोर आहेत, मधे पाच किलोमीटरहून कमी पाणी. पण नदी इतकी खोल आणि वेगाची की फायबर चारशे किलोमीटरचा वळसा घेऊन जायचं. तारा नावाच्या प्रकल्पाने २०२१ मध्ये या काठावरून त्या काठावर लेसर लावला आणि वीस दिवसांत जवळजवळ सातशे टेराबाइट माहिती पार केली. आंध्र प्रदेशाने तर २०१७ मध्येच अशा दोन हजार जोडण्यांचा करार जाहीर केला होता. दोन टॉवर एकमेकांना दिसले की पुरे. खोदकाम नाही, जेसीबीची भीती नाही. लेंडी आणि मांजरा नद्यांच्या काठची, बालाघाटाच्या उतारावरची कितीतरी गावं एकमेकांना उघड्या डोळ्यांनी दिसतात.

इथे मला एका मराठी माणसाची आठवण करून द्यायची आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात भारताने सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत उपग्रहावरून थेट टीव्ही दाखवला. साइट हे त्या प्रयोगाचं नाव. त्याची धुरा वाहणारे एकनाथ वसंत चिटणीस मूळचे कोल्हापूरचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये, शंभरी गाठून, ते गेले. शेजारच्या कर्नाटकातली आणि आंध्रातली खेडी त्यात होती, महाराष्ट्र नव्हता. पण त्या प्रयोगातली एक गोष्ट आपण उचलायला हवी. उपग्रह अमेरिकेचा होता. खेड्यातली छत्री मात्र आपल्या माणसांनी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीची, स्वस्तात, इथेच बनवली. ज्या गावात वीज नव्हती तिथे बॅटरी नेली. बिघडलेला संच दुरुस्त करायला माणूस नेमला. शेवटच्या खेड्यापासून उलटं मोजत त्यांनी वरचं सगळं बसवलं. लेसरच्या या नव्या गोष्टीतही मोजायला सुरुवात तिथूनच करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑगस्ट २०२५ मधली ती रात्र आमच्या भागात कुणी विसरणार नाही. मुखेड तालुक्यात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला, लेंडीच्या पाण्याने हसनाळ, रावणगावसारखी गावं वेढली, माणसं गेली, लष्कराला बोलवावं लागलं. अशा रात्री निरोप पोचणं म्हणजे जीव वाचणं. आणि अशा रात्री आभाळ भरलेलं असणारच. त्या वेळी वरून लेसर उतरणार नाही, हे आत्ताच माहीत असू द्या. त्या रात्रीसाठी तहसीलमध्ये आणि नदीकाठच्या प्रत्येक गावात रेडिओवर चालणारी, बॅटरी भरलेली उपग्रहाची छत्री आधीपासून हवी. ती छत्री ज्या उपग्रहाशी बोलेल तो आपला निरोप ढगांच्या वर, लेसरने, आभाळ कोरडं असेल तिथल्या केंद्राकडे देईल. रेडिओ आणि लेसर दोघांना आपापली जागा दिली तरच ही साखळी पुरी होते.

पुढच्या प्रकरणांत किरण कसा घडवतात, त्यावर मजकूर कसा चढवतात, आरसे कसे वाकतात, हे सगळं क्रमाने येतं. आकडे आले तर घाबरू नका. अकरावीच्या पुस्तकापलीकडचं गणित त्यात नाही. वाचायला लागण्याआधी मात्र एक संध्याकाळ काढा. पॉइंटर, सोलर प्लेट, स्पीकर आणून मी सुरुवातीला सांगितलेला प्रयोग घरातल्या पोरांबरोबर करून बघा. लेसरमध्ये थेट पाहायचं नाही आणि तो कुणाच्या डोळ्यांवर मारायचा नाही, एवढं पथ्य पाळा. स्पीकर गाऊ लागला की उदबत्ती पेटवा, दोरी दिसेल. मग उकळत्या पाण्याच्या वाफेत किंवा चुलीच्या दाट धुरात ती दोरी धरा आणि आवाज कुठे मरतो ते कान देऊन ऐका. तिथपर्यंत पोचलात की दुसरं प्रकरण उघडा. ते ढगांवर आहे.